कंपनीचेच रॉकर टाक

गाडी बंद पडली तेव्हा आम्ही जळगावहून, नवऱ्याच्या मित्राकडचं लग्न आटोपून, लगेच धुळ्याला घरी निघालो होतो आणि पारोळ्याच्या थोडं अलीकडे होतो. मी चालवत होते, शेजारी नवरा डुलक्या घेत होता. बॉनेटखाली एकाएकी खाडखाड असा आवाज झाला, लोखंडी डब्यात मूठभर नट टाकून कुणी हलवावा तसा, आणि पुढच्या क्षणी काहीच नाही. इंजिन गप्प, स्टेअरिंग दगडासारखं जड. मागून ट्रक हॉर्न मारत अंगावरून गेल्यासारखा गेला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. चावी फिरवून पाहिली तर इंजिन फिरलं, पण नेहमीसारखा जोर लावत नाही, भरभर, पोकळ.

"पुन्हा मारू नकोस," नवरा म्हणाला. तो पूर्ण जागा झाला होता. माझे हात मात्र स्टेअरिंगवरून सुटेनात.

मी भूकरमापक आहे. जमिनींच्या मोजण्या करायला साक्री, शिंदखेडा अशी सगळीकडे फिरते. बसची वाट बघत बसले तर मोजणी कोण करणार, म्हणून ही छोटी डिझेल गाडी घेतली. ती घेतल्यापासून तिला माझ्या भावाखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता. भाऊ माझ्याहून बराच मोठा. जळगावला त्याचं गॅरेज आहे, मागे घर. मला सायकल त्याने शिकवली, स्कूटर त्यानेच शिकवली आणि गाडीही. वडील गेल्यावर माझ्या लग्नात वडिलांच्या जागी तोच उभा होता. सणावाराला जळगावला गेलं की दोन दिवस गाडी त्याच्या ताब्यात असायची आणि परत निघताना ती नवी झालेली असायची. दिवाळीत त्याने टायमिंग बेल्ट बदलला होता. निघताना मला खिडकीशी वाकून म्हणाला होता, "आता काही वर्षं बघायला नको."

म्हणून धुळ्याच्या मिस्त्रींनी गाडी ओढून आणल्यावर इंजिनाचं वरचं झाकण उघडलं तेव्हा मला काहीच समजेना. हे मिस्त्री वयस्कर, मुस्लिम मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आत बोट दाखवलं. तेलात बोटाएवढ्या लोखंडी पट्ट्या ओळीने बसवलेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा मधोमध दुभंगलेल्या. काहींचे तुकडे खाली सांडले होते.

"हे रॉकर आर्म," चाचा म्हणाले. "बेल्ट वरचा कॅमचा दांडा फिरवतो, तो यांना दाबतो, हे व्हॉल्व्ह उघडतात. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ चुकते, पिस्टन खालून येऊन धडकतो."

"बेल्ट तुटला?"

"दात गेले सगळे. ताई, हा कधी बदलला होता?"

"दिवाळीत. माझ्या भावाने."

चाचांनी बेल्टचा तुकडा चिंधीने पुसला आणि उजेडात धरला. मग तो माझ्या हातात दिला. "यावर साल छापलेलं आहे. बघा."

गाडी बनली त्याच सालाचा बेल्ट होता तो. गाडीबरोबर कंपनीतून आलेला.

मी चाचांवर चिडले. म्हणाले, तुम्ही नीट बघितलं नाही, असं होणं शक्य नाही, माझा भाऊ आयुष्यभर हेच काम करतोय. ते शांतपणे ऐकत राहिले. गॅरेजमधल्या दोघांनी हातातलं काम थांबवलं. माझा आवाज इतका चढलाय हे मला तेव्हा कळलं. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला तर मी तोही झटकला.

त्या रात्री जेवताना नवरा फक्त एवढंच म्हणाला, "वेळ मिळाला नसेल त्याला. आणि मग सांगायला संकोच वाटला असेल."

"भाऊ मला खोटं सांगेल?"

त्याने माझ्या ताटात भाजी वाढली. मला रडूही येईना. मी ताटात भाकरीचे तुकडे करत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पार्टच्या दुकानात गेलो. दुकान मारवाडी शेठचं, त्यांच्या आजोबांपासूनचं. शेठनी काउंटरवर दोन रॉकर आर्म ठेवले. एक कंपनीचा, हलका, पत्रा वळवून केल्यासारखा. दुसरा काळपट, जाड, हातात घेतला की वजन जाणवणारा.

"हा कंपनीचा, ओरिजिनल," शेठ म्हणाले. "आणि हा फोर्ज केलेला. घणाखालून निघालेला माल. जीपवाले, रेसवाले हाच नेतात. तुटायचं नावच नाही."

नवऱ्याने जाड रॉकर उचलला तो खाली ठेवेचना. तो वीज कंपनीत आहे, यंत्रांची त्याला आवड आहे. "एकदा तुटलंय, आता पुन्हा तेच कशाला टाकायचं? हाच टाकू. तू एकटी कुठे कुठे फिरतेस."

चाचांना फोन लावला तर ते म्हणाले, "दोन्ही बसतात, साहेब. मी दोन्ही बसवलेत. गाडी तुमची, तुम्ही सांगा."

मग मी भावाला फोन केला. दुकानाबाहेर उभं राहून, स्पीकर लावून. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "भाऊ, दिवाळीत बेल्ट बदलला होतास ना?"

"बदलला ना. मीच तर टाकला. का गं?"

इतक्या सहज म्हणाला की पुढचं विचारायचं मी टाळलं. गाडी बंद पडली, रॉकर गेले, धुळ्यात चाचांकडे आहे, एवढंच सांगितलं. तो लगेच त्याच्या नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाला, "कंपनीचेच रॉकर टाक. दुसरं काही टाकू नकोस. कुणी काही म्हणो." मग विचारलं, "गाडी कुठे आहे म्हणालीस?" मी ते आधीच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं.

फोन ठेवल्यावर नवरा माझ्याकडे वळला. "बेल्टबद्दल तो असं सांगतो," तो म्हणाला, "आणि रॉकरबद्दल आपण त्याचं ऐकायचं?"

त्या क्षणी प्रश्न लोखंडाच्या पट्टीचा राहिलाच नव्हता. जाड रॉकर घेतले असते तर भावावरचा माझा विश्वास संपला असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. कंपनीचे घेतले असते तर नवऱ्याला वाटलं असतं, बायको डोळे मिटून घेते. शेठनी आमची घालमेल ओळखली असावी. म्हणाले, "दोन्हीतला एकेक नमुना घेऊन जा. घरी बघा, विचार करा, मग सांगा." मी दोन्ही पर्समध्ये टाकले.

आम्ही चाचांकडे पोचलो तर ते गाडीच्या डिकीपाशी उभे होते. स्टेपनी काढून बाहेर ठेवली होती. तिच्या खालच्या खोलगट जागेत, जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक खोका त्यांना मिळाला होता. त्यांनी तो माझ्या पुढे धरला. नवा बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, सगळं बंद पाकिटात. प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

मी खोका उलटसुलट करून बघत राहिले. फसवायचं असतं तर पार्ट त्याने ठेवून घेतला असता. विसरला असता तर पार्ट गॅरेजच्या मांडणीवर राहिला असता. माझ्याच गाडीत, माझ्याच डिकीत हा खोका कुणी ठेवला?

"जळगावला जाऊन ये," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजातला मघाचा सूर गेला होता. चेहरा उतरला होता.

पुढच्या सकाळी मी एसटीने निघाले. अख्ख्या रस्त्यात मला एकच गोष्ट आठवत होती: दिवाळीत निघताना खिडकीशी वाकलेला त्याचा चेहरा. त्यात खोटं बोलणाऱ्याचं काही शोधत होते आणि सापडत नव्हतं.

गॅरेजमध्ये भाऊ एका इंजिनवर वाकून टॅपेटची फट सेट करत होता. मापाच्या पातीची जाडी बोटाने अंदाजत, पाना अर्धा फिरवत, कान लावून ऐकत. त्याला असं काम करताना मी लहानपणापासून पाहत आले आहे. काहीही बदललेलं नव्हतं. मला वाटलं, सगळा घोळ आमचाच झाला असणार. त्याने मान वर केली आणि चेहरा उजळला.

"ये बाई! कव्हय उनी?" आम्ही दोघं आपसात मधूनच अहिराणीत शिरतो.

"आत्ताच."

"बरं जायं. तुनी गाडीना बेल्ट बदलाना शे. पार्ट लई ठेयेल शे."

माझ्या गाडीचा बेल्ट बदलायचा आहे आणि पार्ट आणून ठेवलाय, असं तो म्हणत होता. आदल्याच दिवशी मला 'मीच टाकला' म्हणाला होता तो. हात पुसून तो मांडणीपाशी गेला आणि एकेक खोका सरकवून बघू लागला. "आठेच ठेयेल व्हता," इथेच ठेवला होता, असं पुटपुटत. त्याच्याकडे कित्येक वर्षं काम करणारा कारागीर माझ्याकडे बघत होता. माझी नजर त्याच्यावर गेली तशी त्याने मान खाली घातली.

घराच्या दारातून वहिनींची हाक आली, "ताई, आत या. चहा टाकलाय."

चहा टाकलेलाच नव्हता. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी माझा चेहरा बघूनच ओळखलं. "तुम्हाला कळलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या खूप आधीपासून भावाचं हे चाललं होतं. आधी नावं जायची, मग रस्ते. एकदा बोदवडला गिऱ्हाइकाची गाडी द्यायला गेले आणि परत कसं यायचं ते सुचेना, स्टेशनवर बसून राहिले, ओळखीच्या माणसाने आणून सोडलं. दिवाळीत माझ्या गाडीच्या बेल्टवरचं कव्हर त्यांनी उघडलं, तेवढ्यात जेवायला हाक मारली. जेवून उठले, कव्हर बसवून टाकलं आणि खोका डिकीत ठेवला; वहिनींना वाटलं, त्यात जुना बेल्ट असेल. आता त्यांनी केलेलं प्रत्येक काम कारागीर नंतर गुपचूप तपासतो.

"पण तुमची गाडी तपासायची राहिली," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही लगेच निघालात. मला वाटलं, तुमच्या गाडीत तरी ते चुकणार नाहीत."

"डॉक्टर?"

"कसं नेऊ? काय सांगून नेऊ? मुलीलाही पुण्याला काही कळवलं नाही. ताई, त्यांना यातलं काही माहीत नाही. तुम्ही बोलू नका. ते खचतील."

फसवलं असतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं आणि त्या विचाराचीच मला भीती वाटली. फसवणाऱ्यावर रागावता तरी आलं असतं.

जेवणं झाली. भाऊ ओसरीत माझ्या शेजारी येऊन बसला. काहीतरी बोलायचं म्हणून मी पर्समधून ते दोन रॉकर काढले. "भाऊ, यातला कुठला टाकू?"

त्याने दोन्ही घेतले, एकेका तळहातावर एकेक. जाड रॉकर उलटा करून बघितला, कडेवरून अंगठा फिरवला. "माल चांगला आहे. मी जीपमध्ये बसवलेत असे. पण तुझ्या इंजिनाला नाही." मग हलका रॉकर माझ्यापुढे धरला. "हा मध्ये बारीक केलाय, बघ. मुद्दाम. पिस्टनने व्हॉल्व्हला धक्का दिला की आधी हा तुटतो. हा तुटला म्हणून बाकीचं वाचतं. तो जाड टाकशील तर तो तुटणार नाही. मग व्हॉल्व्ह वाकतील, पिस्टन फुटेल, अख्खं हेड जाईल. फ्यूजच्या जागी जाड तार बांधल्यासारखं होईल. तुझ्या नवऱ्याला विचार, तो सांगेल."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तासाभरापूर्वी मांडणीवर खोका शोधणारा माणूस आणि हा माणूस एकच होता, हे मला पटवून घेता येत नव्हतं. एक शब्द अडला नाही, एक गोष्ट मागेपुढे झाली नाही.

मग त्याने विचारलं, "का गं? तुझे तुटले का?"

"हो."

"म्हणजे बेल्ट गेला."

"हो."

"बेल्ट कोणी टाकला होता?"

वहिनी दारात होत्या. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्या नजरेसमोर मी लहानपणापासून कधी खोटं बोलू शकले नव्हते.

"जुनाच होता," मी म्हणाले. "बदलायचा राहिला. नवा खोका डिकीत मिळाला."

"माझ्याकडून राहिला?"

"हो, भाऊ."

रस्त्यावरून केळीने भरलेला ट्रॅक्टर गेला. रॉकर भावाच्या तळहातावर तसेच होते. मग तो वहिनींकडे न बघता म्हणाला, "हिला वाटतं मला कळत नाही."

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"कधी कधी इंजिन पुढ्यात उघडं असतं," तो सावकाश सांगू लागला, "आणि मला कळत नाही की मी ते खोलतोय की बसवतोय. हातातला नट लावायचा की काढून ठेवायचा. मग मी थांबून राहतो. कुणी बघत नाही ना ते बघतो. मग जे वाटेल ते करतो." शेवटी म्हणाला, "तू त्या गाडीत एकटी फिरतेस."

मी बोलायला गेले की काही झालं नाही, मी ठीक आहे. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"चला," तो म्हणाला. "डॉक्टरकडे जायला हवं. आजच जाऊ. उद्या मी नाही म्हणेन."

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. पुढे तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो निघाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. उलटवता येणार नाही, वेग थोडा कमी करता येईल, असं म्हणाले. गाडी चालवायची नाही आणि एकट्याने इंजिनाला हात लावायचा नाही, हेही सांगितलं. भाऊ सगळं ऐकून घेत होता. दुसऱ्याच कुणाच्या गाडीत काय बिघडलंय ते ऐकावं तसं. प्रश्नही त्यानेच विचारले. मी आणि वहिनी भिंतीकडे बघत बसलो होतो.

मी धुळ्याला परतले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. फ्यूजचं सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. गावोगाव फ्यूजच्या जागी बांधलेल्या जाड तारा उपटून टाकण्यात त्याची अर्धी नोकरी खर्ची पडली होती. तो उठून गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या कानाला फोन होता आणि तो भावाशी बोलत होता. "कंपनीचेच टाकतोय, भाऊ. उद्याच," असं काहीतरी. चाचांनी ते बसवले, डिकीतला बेल्टही बसवला. एकही व्हॉल्व्ह वाकलेला नव्हता. मी चाचांची माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "ताई, भावाला सलाम सांगा," आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

गॅरेज आता तो कारागीर चालवतो. भाऊ तिथे बसतो. काही दिवस बरे जातात, काही दिवस तो मला वडिलांच्या तब्येतीबद्दल विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातून फोन पडला होता. आता मी 'बरी आहे' म्हणते.

परवा सकाळी आमच्या दारात हॉर्न वाजला. मी बाहेर आले तर समोर भावाची गाडी, आणि स्टेअरिंगवर वहिनी. पन्नाशी ओलांडलेल्या, स्कूटरलाही कधी हात न लावलेल्या वहिनी. मी पायरीवरच थांबले. शेजारी भाऊ बसला होता.

"सगळं मीच शिकवलं," तो खिडकीतून ओरडला. "बठ्ठं शिकाडं!"

शिकवताना तो एकदाही विसरला नाही, असं वहिनींनी नंतर मला सांगितलं. क्लच कधी, गिअर कधी, आरशात कधी बघायचं. मला शिकवलं होतं अगदी तसंच, न रागावता.

फाटकातून गाडी आत घेताना वहिनींना जागा कमी पडत होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. नवरा चपला घालून पुढे झाला, "उतरा वहिनी, मी लावतो." भावाने त्याला हातानेच थांबवलं. "तिला करू द्या," तो म्हणाला. वहिनींनी गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, टाकीला घासता घासता थांबवली, पुन्हा मागे घेतली. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. भाऊ सीटला टेकून, मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसला होता.